टेस्ट फेल झाली की एकत्र रिपोर्ट येईना: माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही जे सॉफ्टवेअर करतो, ते ग्रेडल या साधनाने तयार होतं. कोड कम्पाइल करणं (चालवता येईल अशा रूपात आणणं) आणि त्याच्या टेस्ट, म्हणजे तपासण्या, चालवणं ही कामं ते करतं; या सगळ्याला बिल्ड म्हणतात. आमच्या बिल्डमध्ये चार प्रोजेक्ट आहेत: सूत, माग, बिल आणि पगार. चौघांचे टेस्ट रिपोर्ट चार फोल्डरांत पडतात. रोज चार पानं उघडून बघणं होत नाही, म्हणून सगळ्यांचा मिळून एक रिपोर्ट हवा होता. 2022 मध्ये आलेल्या ग्रेडल 7.4 पासून त्यासाठी 'टेस्ट-रिपोर्ट-अ‍ॅग्रिगेशन' हे प्लगिन (जोडायचा तयार भाग) ग्रेडलसोबतच मिळतं. रूटच्या, म्हणजे चौघांच्या वरच्या मूळ प्रोजेक्टच्या, बिल्ड फाइलमध्ये ते लावलं, डिपेन्डन्सीत (काय काय लागतं त्या यादीत) चारही प्रोजेक्टची नावं दिली आणि 'टेस्टअ‍ॅग्रिगेटटेस्टरिपोर्ट' हा टास्क, म्हणजे ग्रेडलचं एक काम, चालवला. रिपोर्ट आला. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

अडलं ते पहिली टेस्ट फेल झाल्यावर. बिलमध्ये जीएसटीच्या राउंडिंगची एक टेस्ट पडली आणि एकत्र रिपोर्ट बनलाच नाही. फोल्डरमध्ये आदल्या दिवशीचा, सगळं पास दाखवणारा रिपोर्ट तसाच होता. हे फार धोक्याचं आहे, कारण घाईत बघणारा तोच आजचा समजतो. बिल्ड सर्व्हरवर (आपोआप बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर) सुरुवातीलाच जुना रिपोर्ट पुसून टाका.

कारण साधं आहे. एक टास्क फेल झाला की ग्रेडल पुढचं काम थांबवतं. मागाच्या आणि पगाराच्या टेस्ट सुरूही झाल्या नव्हत्या, रिपोर्टचा टास्क तर सगळ्यात शेवटी. यावर बरेच जण 'इग्नोरफेल्युअर्स' (फेल टेस्टकडे दुर्लक्ष कर) ही सेटिंग ट्रू करायला सांगतात. कृपा करून ते करू नका. रिपोर्ट येतो, पण बिल्डही पास होतो, आणि चुकीचं बिल काढणारी आवृत्ती कारखान्यात जाऊन बसते.

बरोबर उपाय म्हणजे कमांडला '--कंटिन्यू' जोडणं. मग बाकीच्या टेस्ट पूर्ण चालतात, रिपोर्ट बनतो आणि बिल्ड शेवटी फेलच राहतो. आम्ही ते जोडलं, तरी रिपोर्ट येईना! माझे दोन दिवस इथे गेले. दोष निघाला एका ओळीत: सगळ्या टेस्ट आधी चालाव्यात म्हणून रिपोर्टच्या टास्कला कुणीतरी 'डिपेन्ड्सऑन' (आधी तो टास्क, मग हा) लिहून ठेवलं होतं. टेस्ट पडली तरी तिचे निकाल वापरण्याजोगे असतात, हे ग्रेडलला कळतं. म्हणून '--कंटिन्यू' असेल तर निकालाच्या फाइली घेणारा टास्क ते चालू देतं. पण ही सवलत फक्त आउटपुट-इनपुटच्या जोडणीला, म्हणजे एका टास्कच्या फाइली दुसरा घेतो तिथेच, आहे. 'डिपेन्ड्सऑन' दिसलं की आधीचा टास्क फेल, म्हणून पुढचाही रद्द. प्लगिन ती जोडणी स्वतःच करतं. ओळ काढली, रिपोर्ट आला, आणि त्यात बिलची ती एक टेस्ट लाल दिसत होती. इतकं समाधान बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. कम्पाइलच फेल झालं तर मात्र रिपोर्ट येणार नाही, आणि येऊही नये.

रिपोर्ट आला की आधी वरचा एकूण आकडा बघा आणि चारही प्रोजेक्टच्या आकड्यांच्या बेरजेशी ताडून पाहा. एखादा प्रोजेक्ट डिपेन्डन्सीत द्यायचा राहिला तर ग्रेडल चकार शब्द काढत नाही. इंटिग्रेशन टेस्टचा (अनेक भाग एकत्र तपासणाऱ्या टेस्टचा) रिपोर्टही वेगळा बनतो, आणि तोही त्या टेस्ट बिल्ड फाइलमध्ये 'टेस्ट सूट' (टेस्टचा गट) म्हणून नोंदवल्या असतील तरच. नुसता टेस्ट टास्क लिहिला असेल तर त्या गळतात.

सुरुवातीला सांगायचं राहिलं: रूटमध्येही रिपॉझिटरी (लायब्ररी जिथून उतरवायच्या तो पत्ता) लिहावी लागते, नाहीतर बाहेरच्या लायब्ररी सापडत नाहीत म्हणून बिल्ड अडतो.

बिल्ड सर्व्हरवर आम्ही वापरतो त्या जेनकिन्ससाठी टेस्टच्या निकालांच्या एक्सएमएल फाइली एका फोल्डरात गोळा करू नका. फाइलचं नाव क्लासच्या पूर्ण नावावरून पडतं. मागात आणि पगारात एकाच पॅकेजमध्ये एकाच नावाचा टेस्ट क्लास असेल, तर एक फाइल दुसरीवर चढते आणि तेवढ्या टेस्ट गायब होतात. प्रत्येक प्रोजेक्टच्या 'बिल्ड/टेस्ट-रिझल्ट्स' मधून थेट उचलायला सांगा. कोड बदलला नसेल तर ग्रेडल टेस्ट पुन्हा चालवत नाही, फाइली जुन्या तारखेच्या राहतात आणि 'रिपोर्ट सापडले, पण एकही नवा नाही' असं म्हणून जेनकिन्स अडून बसतं. त्या पायरीआधी फाइलींवर 'टच' कमांड (फाइलची तारीख आजची करणारी) चालवली की ते पुढे जातं.