तुम्ही विचारलेत म्हणून: डच लोकांचा धर्म कोणता?

नेदरलँड्समध्ये राहत असल्यामुळे भारतातील नातेवाईक मला हमखास विचारतात, की डच लोक कॅथलिक आहेत की प्रोटेस्टंट. आज याचे खरे उत्तर असे, की निम्म्याहून अधिक लोक यांपैकी काहीच नाहीत. येथील केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार पंधरा वर्षे व त्यावरील लोकसंख्येपैकी ५८ टक्के लोकांनी आपण कोणत्याही धर्माचे वा पंथाचे नसल्याचे सांगितले. सुमारे १८ टक्के कॅथलिक, १४ टक्के प्रोटेस्टंट आणि ५ टक्के मुस्लिम होते. आपल्याकडे देवळाची पायरी कधी न चढणारा माणूसही जनगणनेत हिंदू म्हणूनच नोंदला जातो. येथे मात्र बाप्तिस्मा झालेला माणूससुद्धा, आज मी स्वतःला कोणत्या चर्चचा मानतो, असा विचार करून उत्तर देतो, आणि पुष्कळदा ते 'कोणत्याच नाही' असे असते.

ज्या समाजात हे घडले तो काही पिढ्यांपूर्वी विलक्षण धर्मबद्ध होता, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅथलिक मूल कॅथलिक शाळेत शिके, मोठेपणी कॅथलिक वृत्तपत्र वाची, कॅथलिक कामगार संघटनेत जाई आणि कॅथलिक पक्षाला मत देई. प्रोटेस्टंटांचे असेच स्वतंत्र जग होते आणि समाजवाद्यांचेही. आब्राहाम कायपर या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने आपल्या लोकांसाठी १८७९ मध्ये राजकीय पक्ष आणि १८८० मध्ये ॲमस्टरडॅमला विद्यापीठ स्थापन केले आणि १९०१ मध्ये तो पंतप्रधान झाला. १९५४ मध्ये तर कॅथलिक बिशपांनी समाजवादी कामगार संघटनेचे सभासद होण्यास आणि समाजवाद्यांची नभोवाणी नियमित ऐकण्यास अनुयायांना मनाई केली. दक्षिणेकडील ब्राबांत या कॅथलिकबहुल प्रांतात वाढलेल्या माझ्या वृद्ध शेजारीणबाई सांगतात, की कोपऱ्यावर प्रोटेस्टंट बेकरी असताना त्यांना पाव आणायला दूरच्या कॅथलिक बेकरीत पाठवले जाई. एका उशीवर दोन श्रद्धा असल्या तर मध्ये सैतान झोपतो, अशी डच म्हणच आहे.

१९६० नंतर ही व्यवस्था एका पिढीत ढासळली. शिक्षण आणि समृद्धी वाढली, दूरचित्रवाणीमुळे शेजारच्या पंथाचे विचार घरात ऐकू येऊ लागले आणि मिश्र विवाह होऊ लागले. लोकांची श्रद्धा एकाएकी आटली असे मला वाटत नाही. चर्चला जाणे हा ज्या एकत्रित जगण्याचा भाग होता ते जगणेच मोडले, आणि मग रविवारी चर्चला जाण्यासाठी केवळ वैयक्तिक श्रद्धा हे एकच कारण उरले, जे अनेकांना पुरले नाही. नैऋत्येकडील झीलंड प्रांतापासून ईशान्येकडे ओव्हरआयसेल प्रांतापर्यंत पसरलेल्या कडव्या प्रोटेस्टंट गावांत हे जगणे अजून टिकून आहे; उर्कसारख्या मच्छीमारांच्या गावात रविवारी बोटी बंदरातच राहतात.

श्रद्धा ओसरली तरी तिने उभारलेल्या संस्था मात्र राहिल्या. १९१७ च्या घटनादुरुस्तीने धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकेच अनुदान दिले आणि ती तरतूद आजही लागू आहे. त्यामुळे आमच्या भागातील कॅथलिक शाळेत कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतील मुलेही नाताळात गव्हाणीचा देखावा मांडतात, आणि त्यांच्या पालकांना त्यात काही वावगे वाटत नाही. याच तरतुदीचा आधार सुरिनामी हिंदूंनाही मिळाला. त्यांचे पूर्वज १८७३ पासून करारबद्ध मजूर म्हणून भारतातून सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतील डच वसाहतीत नेले गेले होते आणि १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्यापैकी हजारो लोक येथे, विशेषतः द हेग शहरात, स्थायिक झाले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पालकांनी आपल्या मुलांसाठी झगडून मिळवलेल्या हक्काच्या बळावर त्यांनी सरकारी अनुदानावर हिंदू प्राथमिक शाळा सुरू केल्या.