प्रोसिडिंगमध्ये आलं का?

आमच्या गावात महिला सभा दरवर्षी होते, हे मला माहिती अधिकारातून कळलं. या गावची सून होऊन मला सतरा वर्षं झाली. मिळालेल्या कागदावर असंही होतं की त्या सभेला मी हजर होते. सही माझीच होती.

सही कशी झाली ते मग आठवलं. ग्रामपंचायतीचा शिपाई दुपारच्या वेळी रजिस्टर घेऊन दारात यायचा. "वहिनी, एक सही करा, योजनेचं हाय." माझे हात काज-बटणात गुंतलेले. सही करायची, त्याला पाणी विचारायचं, तो पुढच्या दारी जायचा. सहीच्या वर अर्धं पान कोरं असायचं. ते का कोरं आहे, हे आमच्यापैकी एकीनंही कधी विचारलं नव्हतं.

गाव सोलापूरपासून एसटीने तासाभरावर, अक्कलकोटच्या बाजूला. निम्म्या घरांत कानडी, निम्म्यांत मराठी, बाजारात दोन्ही. मी शिलाई करते आणि उमेदच्या ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाची, सचिव आहे. 2024च्या ऑगस्टमध्ये आम्हाला 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्याचं, म्हणजे ग्रामपंचायतीची वर्षाची कामं ठरवण्याचं, प्रशिक्षण मिळालं. तिथल्या मॅडमनी दोन गोष्टी फळ्यावर लिहिल्या. एक, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, कायद्यातच तसं आहे. दोन, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात.

गावात येऊन मी भाऊसाहेबांना विचारलं. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं निघालंय, पण आमच्याकडे ते भाऊसाहेबच.) ते हसून म्हणाले, "सगळं नियमानं चाललंय की ओ ताई. तुम्ही कशाला टेन्शन घेता?" टेन्शन नव्हतं, पण त्या हसण्यानं आलं. मग दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला. नवरा म्हणाला, "गावात राहायचंय आपल्याला." मी म्हटलं, "म्हणूनच."

सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. चौदा पानं, पानाला दोन रुपये, अठ्ठावीस रुपये भरले. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी वगैरे मिळून वर्षाला 5 लाख 20 हजार. त्याचे 10 टक्के, 52 हजार. खर्च: अंगणवाडी साहित्य 18 हजार, महिला दिन कार्यक्रम 9 हजार, शिलाई प्रशिक्षण 20 हजार.

शिलाई प्रशिक्षण! गावात मशीन चालवणाऱ्या आम्ही तिघी. तिघींनाही त्या प्रशिक्षणाचा पत्ता नव्हता. अक्का, म्हणजे आमच्या ग्रामसंघाच्या अध्यक्ष, कागद लांब धरून म्हणाल्या, "तू शिकवलीस का, शिकलीस?"

त्या वीस हजारांच्या मागे लागायचं की नाही यावर दोन रात्री बोलणं झालं. लागलो नाही. हे बरोबर केलं असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण भांडणात वर्ष गेलं असतं आणि 2 ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर होती. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम त्या दिवसापासून सुरू होतं. कागद पिशवीत ठेवला. आमच्या पिशवीत तो आहे हे भाऊसाहेबांना ठाऊक होतं, तेवढं पुरलं.

महिला सभा 1 ऑक्टोबरला ठरली. पहिला प्रश्न जागेचा. गावच्या सभा मारुतीच्या पारावर होतात, आणि पारावर आमच्याकडे बायका चढत नाहीत. खाली उभं राहून कोण किती वेळ बोलणार? शाळेचा व्हरांडा मागितला. वेळ सकाळी अकराची लावली होती, म्हणजे बायका रानात असतानाची. ती संध्याकाळी सहाची करून घेतली.

आधीचे तीन दिवस गावफेरी केली, आणि सभेत व्हरांड्याच्या फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला. जिथं रात्री भीती वाटते तिथं कोळसा ठेवायचा. सत्त्याऐंशी बायका आल्या होत्या. सुरुवातीचा तासभर प्रत्येकीचं स्वतःचं: घरकुल, रेशन, लाडक्या बहिणीचा हप्ता जमा झाला नाही. ते थांबवता येत नाही, थांबवूही नये. बाईला बोलायला पहिल्यांदा जागा मिळाली की ती आधी तिचंच सांगणार. मग हळूहळू कोळसे दोन ठिकाणी जमले. एक, एसटी थांब्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता, जिथून सोलापूरला कॉलेजला जाणाऱ्या मुली अंधारात परततात. दुसरं, बाजारतळावरचं स्वच्छतागृह. ते बांधलेलं आहे, पण पाणी नाही, आणि आत कुणाचा तरी कडबा. बाजारच्या दिवशी भाजी विकायला बसणाऱ्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. एक म्हातारी कानडीत एवढंच म्हणाली, "मोदल नीर, आमेल मात." आधी पाणी, मग बोलणं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला आम्ही मुद्दाम लवकर जाऊन बसलो. कोरम, म्हणजे लागणारी किमान हजेरी, भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, ही युक्ती गावाला पाठ आहे. पार सोडून सभा शाळेत घ्यायला लावली होती. मागण्या वाचल्यावर मागून आवाज आला, "पंधराशे मिळतात की महिन्याला, अजून काय पायजे?" हशा झाला. अक्का उठल्या. "पंधराशेत दिव्याचा खांब येतो का बघून सांग की रे." मग सरपंचांच्या ऐवजी त्यांचे मालक उत्तर द्यायला लागले, तेव्हा अक्कांनी त्यांनाही थांबवलं, "तात्या, आम्ही सरपंचांना विचारतोय." 2011 पासून राज्यात निम्म्या जागा बायकांना आहेत, आमच्या सरपंच वहिनी त्यातूनच निवडून आलेल्या. त्यांनी आमचा ठराव हातात घेतला आणि स्वतः वाचला. आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत वाचला.

आता मुख्य गोष्ट. भाऊसाहेब म्हणाले, "महिलांचा निधी 52 हजार. त्यात जेवढं बसतं तेवढं बसवू." ऐकायला किती रास्त वाटतं! मी रात्री मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्या 52 हजारांच्या डबीत तुम्ही शिरलातच कशाला? वित्त आयोगाचा निधी विचारा."

मग समजलं. तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे केंद्राकडून यायचे, त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचे. 40 टक्के अबंधित, त्यात दिव्याचे खांब बसायचे. बंधित निधी तर आमच्यासाठीच असल्यासारखा! पण आम्ही मागणीत "महिला स्वच्छतागृह" लिहिलं होतं. 'महिला' शब्द दिसला की काम आपोआप महिला व बालकल्याणाच्या रकान्यात जाऊन पडतं, आणि तो रकाना सगळ्यात लहान. आम्ही शब्द बदलले: "बाजारतळ सार्वजनिक स्वच्छतागृह दुरुस्ती, महिला कक्ष व पाणीपुरवठा जोडणी." काम तेच, विटा त्याच, फक्त रकाना बदलला.

मॅडम म्हणाल्या, हे वरपर्यंत असंच आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पाला 2005-06 पासून महिलांच्या तरतुदींचं वेगळं विवरणपत्र जोडतात. एका भागात फक्त बायकांसाठीच्या योजना, दुसऱ्यात निदान 30 टक्के वाटा बायकांचा असलेल्या. जिल्हा नियोजनातही 3 टक्के महिला व बालविकासाला राखून ठेवतात. ते राखलेले सोडायचे नाहीतच. पण मला वाटतं, वेगळा ठेवलेला वाटा दाखवून उरलेल्या मोठ्या रकमेबद्दल आपल्याला गप्प बसवलं जातं. उरलेल्या 90 टक्क्यांतल्या रस्त्यावरून आम्ही चालत नाही का?

15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं थंडावलं. डिसेंबरमध्ये मुलीने मोबाईलवर ई-ग्रामस्वराज, म्हणजे ग्रामपंचायतींच्या कामांचं सरकारी पोर्टल, उघडून गावाचा आराखडा काढला. यादी इंग्रजीत. तिने वाचून दाखवली: काँक्रीट रस्ता, काँक्रीट रस्ता, गटार, काँक्रीट रस्ता. आमचं काम नव्हतं.

प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची, नक्कल मागितली. सत्त्याऐंशी बायका, रांगोळी, कोळसे, सरपंच वहिनींचं वाचन, या सगळ्याची एक ओळ झाली होती: "महिलांच्या विविध समस्यांवर चर्चा करण्यात आली."

सोलापूरला पंचायत समितीत चार फेऱ्या झाल्या. झेडपीच्या पूनम गेटसमोर कुणाचं तरी उपोषण चालू होतं, अक्का म्हणाल्या, "बघून ठेव, आपल्याला लागलं तर." लागलं नाही. विस्तार अधिकारी बाई होत्या, त्यांनी ठरावाची आमच्याकडची प्रत आणि सभेचे फोटो पाहून सांगितलं, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत कामाच्या पूर्ण नावासकट ठराव घ्या, सूचक-अनुमोदक लिहा, आराखड्यात घालून घेऊ. तसंच केलं. त्या दिवशी भाऊसाहेबांना प्रोसिडिंग तिथंच मोठ्यानं वाचायला लावलं. शेवटच्या ओळीखाली जी कोरी जागा राहिली तिच्यावर मी तिरकी रेघ मारली, मगच सह्या झाल्या.

खांब मे महिन्यात लागले, सातपैकी पाच. स्वच्छतागृहाला पाणी ऑगस्ट 2025 मध्ये आलं. कुलूप लावलं आणि किल्ली ठेवली थांब्यासमोरच्या चहाच्या हॉटेलात. म्हणजे तिथं बसलेल्या दहा गड्यांसमोर जाऊन किल्ली मागायची! पहिल्या बाजाराला एकही बाई गेली नाही. दुसऱ्या आठवड्यात किल्ली पिठाच्या गिरणीतल्या काकूंकडे आणली. गिरणी सातला बंद होते, आणि शेवटची एसटी पावणेआठला येते. पुढच्या सभेच्या यादीत हे पहिलं लिहून ठेवलंय, कामाच्या पूर्ण नावासकट.