खळ आणि सुई-दोरा घेऊन ये

बाइंडिंगचं काम मी रात्री घेत नाही. बल्बच्या उजेडात कापणी तिरकी जाते. तरी त्या अमावस्येला दुकानाच्या फळ्या लावताना एक म्हातारा आला. टोपीला गाळ लागलेला. म्हणाला, "ब्रह्मपुरीवर बाजार हाय. खळ आणि सुई-दोरा घेऊन ये. मजुरी वस्तूत देणार." नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "किती जुज आहेत?" असं विचारून बसलो. सवय, दुसरं काय. जुज म्हणजे एकत्र शिवायच्या घडीच्या पानांचा गठ्ठा.

कोल्हापुरातली ब्रह्मपुरीची टेकडी आमच्या शुक्रवार पेठेतून चालत जाण्याइतकी जवळ. १९४५-४६ च्या उत्खननात तिथं सातवाहनांच्या काळातली वस्ती सापडली. तिथंच निघालेली रोमन समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, शाळेत असताना पाहिलेली. पण बाजार?

होता. दिवे नव्हते, तरी सगळं दिसत होतं. एक बाई घड्या घातलेल्या सावल्या विकत होती. शेजारी पायलीनं पाऊस मोजून देत होते. हाका मात्र लक्ष्मीपुरीतल्याच, "घे की भावा, बोहनीचा भाव!" एका गाळ्यावर मी त्या मूर्तीचा विषय काढला, तर गाळेवाला उसळलाच. "आमचीच ती. उधारी अजून यायची हाय."

पुस्तकांचं दुकान काही दिसेना. म्हाताऱ्यानं मडक्यांच्या उतरंडीमागचं पोतं बाजूला सारलं. आत घाटासारख्या उतरत्या पायऱ्या आणि पायरी-पायरीवर पुस्तकं. सगळी ओली. वास लगेच ओळखला. गाळ, सरस, कुजका पुठ्ठा. ऑगस्ट २०१९. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ च्या वर गेली, त्यानंतर माझ्या दुकानातून हा वास कितीतरी दिवस हटला नव्हता.

"नदीनं नेलेलं समदं हितं येतं," म्हातारा म्हणाला. "पण पानं चिकटल्यात. चिकटलेलं पुस्तक कोण घेणार?"

ओलं पुस्तक उघडायची घाई करायची नसते, पान हातात येतं. आधी निथळू द्यायचं, मग थोड्या थोड्या पानांआड टीपकागद, आणि तो बदलत राहायचं. उन्हात तर टाकायचंच नाही, पानं वेडीवाकडी होतात. टीपकागद संपले तेव्हा त्या बाईनं दोन सावल्या दिल्या. सावली पाणी काय शोषते! पुन्हा मिळाल्या तर ठोक घेईन.

पान सुटलं की ते शेवटचं वाचणाऱ्याचा श्वास ऐकू यायचा. मोडी लिपीतल्या दप्तरातून खोकला. दहावीच्या गाइडातून नुसत्या जांभया.

सातव्या पायरीवर ती वही दिसली. गंगावेशीतल्या एका निवृत्त बाईंच्या आईनं लिहिलेल्या जात्यावरच्या ओव्या. पुराआधी बाइंडिंगला आलेली. बाकीचा माल मी माळ्यावर चढवला, ही खालच्या फळीवर राहिली. बाई भांडल्या नाहीत. दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागल्या, एवढंच.

मजुरी म्हणून तीच मागितली. म्हातारा म्हणाला, "ती विकायची न्हाई. ठेवायला दिल्या." थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शिवून ने."

तिथंच बसून जुज शिवले, लाल कापडाचा कणा लावला. खळीत मोरचूद होताच, कसर लागायची नाही.

सकाळी गंगावेस. बाईंनी चष्मा लावला, वही नाकाशी धरली, एकेक पान उलटत शेवटी थांबल्या. "अक्षर आईचंच आहे. पण ही ओवी वहीत नव्हती." मला वाचून दाखवली नाही.

वही मांडीवर तशीच ठेवून त्यांनी बटवा काढला. ऐंशी रुपये बाकी होते. त्यांच्या लक्षात होतं. मी मोजून घेतले.