आरवलीच्या चपला आणि माझ्या कादंबरीचे जग

गेली चार वर्षे मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिचे जग संपूर्ण कल्पित असावे, पण त्याची माती दक्षिण कोकणातल्या आणि गोव्यातल्या दंतकथांची असावी, एवढे पहिल्या दिवसापासून पक्के होते. ती माती वापरायची कशी, हे मात्र फार उशिरा उमगले.

पहिले वर्ष मी केवळ जमवाजमव केली. देवचार, मुंजा, खवीस, हडळ, पाण्यातल्या साती आसरा अशी एकेकाची नोंद वहीत केली आणि प्रत्येकापुढे त्याची शक्ती, त्याचे ठिकाण, तो कशाला भितो हे लिहिले. परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला आणि समुद्राला मागे हटायला लावून ही भूमी मिळवली, ही कथा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. चिपळूणजवळ परशुरामाचे देऊळ आहे आणि गोव्यातल्या बाणावलीचे नाव त्याच बाणावरून पडले, असे सांगतात. परशुरामाच्या या कथेच्या आधाराने मी समुद्रातून वर आलेल्या एका देशाचा नकाशा काढला आणि ऐंशी पाने लिहिली. ती वाचून माझी मैत्रीण म्हणाली, "तुझ्या जगात देव पुष्कळ आहेत, पण त्यांच्यासाठी कुणाला काही करावे लागत नाही."

हे वाक्य मनात घेऊनच मी वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला गेलो. तिथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नवस फेडायला आलेली माणसे त्याला चामड्याच्या नव्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. हे मी आधीही ऐकले होते, पण प्रत्यक्ष पाहिले तेव्हा त्याचा अर्थ वेगळा लागला. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पुरेल एवढी लांब ती चप्पल होती, शिवण घट्ट आणि ताजी, आणि कोऱ्या चामड्याचा वास पिकलेल्या केळ्यांच्या वासात मिसळलेला. ती कुणीतरी मापाने कापली होती, टोचली होती, शिवली होती. वेतोबाच्या शक्तीविषयी मी वहीत दोन पाने लिहिली होती. त्याच्या चपला कोण शिवतो याविषयी एक ओळही नव्हती.

परतल्यावर मी ती ऐंशी पाने बाजूला ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली. आता कादंबरीची नायिका चपला शिवणाऱ्या घरातली मुलगी आहे. गावाचा राखणदार कुणालाही दिसत नाही, पण रोज पहाटे त्याच्या चपलांचे तळवे तपासायचे काम तिच्या घराकडे आहे, आणि झिजेवरून, चिकटलेल्या मातीवरून तो रात्री कुठवर गेला हे तिला वाचता येते. गावाला तिच्या विद्येवाचून चालत नाही आणि तरीही देवळात तिची जागा पायरीखाली आहे. हा ताण मला रचावा लागला नाही. चप्पल कुणी शिवली हे विचारल्याबरोबर तो समोर आला.

तेव्हापासून मी प्रत्येक दंतकथेला एकच प्रश्न विचारू लागलो, की ही खरी मानणाऱ्या माणसाला सकाळी उठून काय करावे लागेल? मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खे गाव गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जाते, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत राहते आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच परत येते. त्या तीन रात्रींत रिकाम्या गावात काय घडते, हे दाखवण्याचा मोह मला फार झाला होता. तसे एक प्रकरण लिहूनही झाले होते. ते काढून टाकले, कारण गावपळणीचे सगळे बळ वेशीबाहेरच्या माणसांत आहे. चुलीवरचे भांडे कुणाचे राहिले, म्हातारीला उचलून कोण आणणार, भजन संपल्यावर अंधारात गावाकडे पाहायचे की नाही, या गोष्टींनी ते प्रकरण पुन्हा उभे राहिले.

परशुरामाच्या कथेलाही मी हाच प्रश्न विचारला. समुद्राकडून भूमी घेतली असेल तर तो ती दर भरतीला परत मागणार. गोव्यातल्या खाजन शेतीत हे रोजचेच आहे. खाऱ्या पाण्याला अडवायला मातीचे बांध असतात आणि त्यांत मानस नावाची दारे असतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की लाकडी फळी आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. माझ्या कल्पित देशाचे अर्थकारण, भांडणे आणि कायदे या एका दाराभोवती बसले, आणि मूळ नकाशातली राजधानी मी खोडून टाकली.

नावांचा निर्णय सर्वांत अवघड गेला. या देवांना आजही नवस बोलले जातात, गाऱ्हाणे घातले जाते. त्यांना माझ्या सोयीने लढवणे वा हरवणे मला योग्य वाटले नाही. म्हणून देवाचे नाव आणि रूप मी घेतले नाही. माणसाचे त्याच्याशी जे देणेघेणे असते, तेवढे घेतले. आरवलीतल्या कुणी ही कादंबरी वाचली तर त्यांना आपला देव नव्हे, आपली काळजी ओळखू यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सध्या तिसरा खर्डा चालू आहे. त्याच्या पहिल्याच पानावर ती मुलगी पहाटे चप्पल उलटी करते. गावात कुठेच नसलेली खाजनातली काळी, खारी चिकणमाती तळव्याला लागलेली असते, आणि बांधावरून मानस फुटल्याची हाक अजून आलेली नसते.