कुरकुरीचा पत्ता

'स्टिअरिंग वाजतंय' अशी तक्रार घेऊन आपण गॅरेजात जातो खरे, पण वाजणारी वस्तू बहुतेक वेळा वेगळीच असते. ज्या चाकावर आपले हात असतात, तिथून एक पोलादी दांडा जॉइंट घेत घेत खाली रॅकपर्यंत, म्हणजे डावी-उजवी सरकणाऱ्या दातेरी दांडीपर्यंत, गेलेला असतो आणि रॅकच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड पुढच्या चाकांना धरून असतात. या साखळीत कुठेही खुट्ट झालं तरी आवाज दांड्यावरून चढत थेट आपल्या तळव्यांत येतो. कंबरेत नस दबते आणि दुखतो मात्र पाय, त्यातलाच हा प्रकार. म्हणून 'कुठून येतो' या प्रश्नाच्या मागे मी सुरुवातीला लागतच नाही. 'कधी येतो' हे आधी बघावं.

गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, स्टिअरिंग सावकाश वळवलं आणि खालून 'टण्ण' झालं, तर माझा पहिला संशय शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बेअरिंगवर. चाक वळतं तशी त्याच्यावरची स्प्रिंगही फिरायला हवी. बेअरिंग गंजून जाम झालं, की स्प्रिंग फिरायच्या ऐवजी पीळ घेते आणि सोसवेनासं झालं की एकदम सुटते. खात्री करणं सोपं आहे. एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने चाकामागच्या स्प्रिंगवर बाहेरून हलकेच बोटं टेकवायची. वेढ्यांच्या मधे बोट घालायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. चांगल्या बेअरिंगवर स्प्रिंग मुकाट फिरते; बिघडलेल्यावर ती आधी ताणते आणि मग असा हिसका देते की कानांना विचारावंच लागत नाही.

वळवताना 'ऊंऽऽ' असा कण्हण्याचा आवाज येत असेल आणि इंजिनाचा वेग वाढवला की तो चढत असेल, तर बोनेट उघडून स्टिअरिंगच्या तेलाची टाकी बघावी. अर्थात स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे वळवायला तेलाच्या दाबाची मदत घेणारं, असेल तर. तिथला पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. तेल कमी झालं की तो तेलाबरोबर हवाही ओढतो आणि टाकीत फेस दिसतो. पण नुसतं तेल ओतून झाकण लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. हे तेल जळत नाही, की चालता चालता खर्ची पडत नाही. कमी झालंय म्हणजे कुठेतरी गळलंय. रॅकच्या टोकांची रबरी घडीदार टोपणं चाचपून बघावीत. आत तेल जमलं असेल तर रॅकचं सील गेलं. तेलही कुठलंही चालत नाही. झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलंच हवं, नाहीतर उरलीसुरली सीलंही जातात. भरून झाल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत राहायचं. टाकीत बुडबुडे येतात, पातळी उतरते, पुन्हा भरायचं. बुडबुडे थांबेपर्यंत घाई करणाऱ्याच्या गाडीत ते कण्हणं परत येतंच. वळताना चिरकणारा 'चीं' आवाज आला तर तो पंपाचा नाही, सैल किंवा गुळगुळीत झालेल्या पट्ट्याचा.

फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1926 मध्ये एका पिअर्स-अ‍ॅरो गाडीत पॉवर स्टिअरिंग बसवून दाखवलं होतं, पण बाजारातल्या गाडीत ते आलं 1951 साली, क्रायस्लर इम्पिरिअलमधून. तोवरची मंडळी दंडाच्या जोरावर गाड्या वळवत राहिली. आता तर तेलाचीही गरज संपत चाललीय. विजेची मोटर मदत करते, त्यामुळे अशा गाडीत पंप आणि पट्ट्यावर संशय घेण्यात अर्थ नाही. तिथे जागेवर स्टिअरिंग डावं-उजवं हलवताना कॉलममध्ये 'टक' झालं, तर झिजलेला गिअर, मोटरचं कपलिंग किंवा दांड्याचा जॉइंट तपासायचा.

खड्ड्यांतून जाताना होणारी खडखड मात्र मी उद्यावर ढकलत नाही. टाय रॉडचं टोक किंवा चाकाला खालून धरणारा बॉल जॉइंट सैल झाला असेल, तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, चाक ताब्यात राहण्याचा होतो. एकाने स्टिअरिंग थोडंसं डावं-उजवं करायचं, दुसऱ्याने जॉइंटवर तळवा ठेवायचा. खेळ असेल तर ठोका हाताला लागतो. टाय रॉडचं टोक बदललं की अलाइनमेंटही करून घ्यावी लागते, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतात.

पूर्ण वळवून गाडी चालवताना 'टक टक टक' झालं, तर स्टिअरिंग निर्दोष. तो सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलचा वळणारा सांधा. त्याचं रबर फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं बहुधा दिसतंच. स्टिअरिंगच्या चाकामागेच सळसळ होत असेल आणि हॉर्नही मधेच रुसत असेल, तर क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवणारी पट्टीची गुंडाळी. त्याच्यापुढे एअरबॅग असते, त्यामुळे ते घरी उघडायचं काम नाही.

सांध्यांवर तेलाचा फवारा मारण्याची हौस अनेकांना असते. आवाज लगेच बंद होतो, हेच त्यातलं वाईट. झीज तशीच राहते, वर खनिज तेलाने बऱ्याचशा रबराचे बुश फुगतात. त्यापेक्षा आवाज सकाळी पहिल्यांदा येत असेल, तर गाडी रात्रीच गॅरेजात सोडावी आणि सकाळचं पहिलं वळण मेकॅनिकला घेऊ द्यावं. तेल गरम झालं की बरेच आवाज विरतात आणि मग दुपारी त्याच्या शेजारी बसून आपणच खोटे ठरतो.

एका आवाजाला मात्र उगाच बदनाम करतात. हायड्रॉलिक स्टिअरिंग अगदी शेवटपर्यंत वळवून दाबून धरलं की फुसफुस ऐकू येते. दाब फार वाढू नये म्हणून पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, त्याची ती खूण. किंचित सोडलं की थांबते. तसं काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, तेल तापतं. बाकी त्यासाठी पंप बदलायला कुणी सांगितलं, तर गॅरेज बदलावं.