होडीचा पंखा बदलण्याआधी फेरे मोजा

नवी मुंबईत दिवाळे गावची जेट्टी असो, सारसोळे असो की ऐरोलीचा दिवा कोळीवाडा, होडी धावत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: मोठ्या पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पुढे नेणारा, पंखा टाक. रिकामी होडी दोन माणसांनी पळवायची असेल तर ठीक. पण जाळं, बर्फाची पेटी आणि तीन-चार माणसं घेऊन निघणाऱ्या होडीला हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. तिला वेग हवा असेल तर पिच कमी करावं लागतं.

पंख्याच्या बॉसवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. ९¼ × ९¾ म्हणजे पाती ९¼ इंचाचं वर्तुळ फिरतात आणि लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा पाण्यात शिरला तर एका फेऱ्यात ९¾ इंच पुढे जाईल. पाणी लाकूड नाही, त्यामुळे तेवढा तो कधीच जात नाही. जेवढा कमी पडतो ती स्लिप.

आता फेरे. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, किती ते किती असावं हे दिलेलं असतं. ९.९ हॉर्सपॉवरच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांना) ते ५००० ते ६००० आहे. नेहमीचं वजन घेऊन पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात यायला हवं. खाली राहिलं तर पंखा इंजिनाला जड आहे, वर गेलं तर हलका. होडीला मीटर नसेल तर स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा, फेरे मोजणारा छोटा टॅकोमीटर मिळतो. त्याचं सेटिंग मात्र नीट बघा. एका फेऱ्याला किती ठिणग्या पडतात ते चुकीचं टाकलं तर आकडा थेट दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि मग सगळाच हिशेब वाया.

चाचणी भरल्या होडीने घ्या. मासळीऐवजी पाण्याचे कॅन चालतील, पण वजन रोजच्या ठिकाणीच ठेवा. सगळं मागे लोटलं तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठते आणि वेग पडतो. तळ आधी खरवडून घ्या. शेवाळ आणि शिंपल्या धरलेल्या तळावर कुठलाही पंखा जडच वाटणार. ऐरोली ते वाशी पट्ट्यात ओहोटीला गाळ उघडा पडतो, म्हणून भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं ती वेळ धरा. तरीही थोडी ओढ असतेच. एक किलोमीटर जाऊन त्याच रेषेत परत या, फोनच्या जीपीएसवर दोन्ही वेग बघा आणि सरासरी काढा. एकाच दिशेने मोजलेल्या वेगावर पंखा विकत घेणं म्हणजे खाडीच्या प्रवाहाचं श्रेय पंख्याला देणं.

हिशेब सोपा आहे. आरपीएमला गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे लागतात त्या आकड्याने) भागा, पिचने गुणा, १२१५ ने भागा. उत्तर येतं ते स्लिप नसतानाचा वेग, नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. समजा, सोळा फुटी फायबरची होडी, ९.९ चं इंजिन, रेशो २.०८, पिच ९¾. रिकामी असताना आरपीएम ५६००, सगळं छान. भरल्यावर ४७०० आणि जीपीएसवर ७.५ नॉट. सूत्राने १८.१ नॉट येतात, म्हणजे स्लिप जवळजवळ ५९ टक्के. इंजिन दमलंय आणि पंखा पाणी नुसतं घुसळतोय. पिच एक इंचाने कमी केलं की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतं. इथे ८ पिचचा पंखा टाकला तर भरल्या होडीला ५००० च्या थोडं वर मिळेल आणि रिकामी असताना ५९०० च्या आसपास. भरल्यावर पट्ट्याचा वरचा अर्धा गाठला नाही, तरी दोन्ही टोकं पट्ट्यात बसली. याहून लहान पिचचा पंखा घेतला तर रिकाम्या खेपेला फेरे ६००० च्या वर जातील, आणि परतीच्या वाटेवर थ्रॉटल हाताने आवरत बसावं लागेल. आरपीएम पट्ट्यात आलं की इंजिन आपली पूर्ण ताकद देतं. त्या ताकदीवर होडी पाणी कापणं सोडून पाण्यावर उठली आणि घसरायला लागली तर लहान पिचनेच वेग वाढतो.

उठलीच नाही तर? मग दोष पंख्याचा नाही. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला लांबीची मर्यादा असते: पाण्यातली लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. २० फुटांना सहा नॉट, २५ फुटांना ६.७. जड लाकडी होडीवर ९.९ लावून दहा नॉटची अपेक्षा धरू नये. अशा होडीला मोठा व्यास, कमी पिच आणि ३ च्या जवळचा गिअर रेशो असलेलं हाय-थ्रस्ट इंजिन मानवतं. त्याने टॉप स्पीड वाढत नाही. ओहोटीच्या प्रवाहावर चढताना होडी अडखळत नाही, एवढंच. जाळी टाकणाऱ्याला बहुधा तेच हवं असतं.

आतल्या डिझेल इंजिनाला हेच तत्त्व लागू आहे, फक्त खूण वेगळी. फुल थ्रॉटलला काळा धूर आणि फेरे पूर्ण न येणं म्हणजे पंखा जड. तसंच चालवत राहिलं तर इंजिन तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, आणि खापर डिझेलवर फुटतं. मोठा पंखा बसवताना पात्याचं टोक आणि तळ यांच्यात व्यासाच्या किमान १० टक्के, शक्यतो १५ टक्के जागा सोडा. नाहीतर अख्खी होडी थरथरते.

गनमेटलच्या ओतीव पंख्यांवर आकडे नसतात किंवा दुरुस्तीनंतर खरे राहत नाहीत. पिच घरी मोजता येतं. पंखा सपाट फरशीवर बॉस टेकवून ठेवा. मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या ७० टक्क्यांवर खडूने खूण करा. तिथे पात्याच्या दोन कडांची फरशीपासूनची उंची मोजून फरक काढा. मध्यापासून त्या दोन कडा किती अंशांचा कोन करतात ते कोनमापकाने बघा. फरकाला ३६० ने गुणून त्या अंशांनी भागा. ४० अंशांत एक इंच फरक म्हणजे ९ इंच पिच. तिन्ही पात्यांचं मोजा. एकाचं वेगळं आलं तर नवा पंखा घ्यायच्या आधी हाच सरळ आणि बॅलन्स करून घ्या.

धातूचं म्हणाल तर आउटबोर्डला आपल्या खाडीत ॲल्युमिनियमच बरं. स्टेनलेसची पाती पातळ असतात, वाकत नाहीत, वेग थोडा जास्त देतात, पण बुडलेल्या खांबावर आपटली की धक्का गिअरपर्यंत पोचतो. ॲल्युमिनियमचं पातं मोडतं आणि गिअर वाचतो. चार पात्यांचा पंखा भरल्या होडीला पकड चांगली देतो. तो घेताना पिच एक इंच कमी धरा.

कधी इंजिन किंचाळतं आणि होडी मात्र जागची हलत नाही. तेव्हा दोन गोष्टी तपासा. एक, इंजिन उंच बसलंय का. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर असेल तर पंखा हवा ओढतो. दुसरी, पंख्याच्या बॉसमधला रबरी बुश सुटलाय का. बुश आणि बॉस यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ मारा आणि फुल थ्रॉटल देऊन या. रेघ तुटलेली दिसली तर बुश गेला. पिच बदलून त्याला इलाज नाही.

पंखा उतरवताना किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, प्लगच्या वायरीही काढा. न्यूट्रलवर विसंबू नका. मागचा वॉशर नीट पाहून ठेवा, त्याची उतरती बाजू कुठे होती ते लक्षात असू द्या. शाफ्टवर गुंडाळलेली नायलॉनची तंगूस आणि प्लास्टिक तिथेच सापडतं. ही तंगूस सील कापते, पाणी गिअर ऑइलमध्ये शिरतं आणि तेल दुधासारखं होतं. खाडीत रोज जाणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी पंखा काढून बघावाच. बसवताना शाफ्टच्या दातऱ्यांना मरीन ग्रीस, नट पुस्तकात दिलाय तेवढा घट्ट, आणि नट अडवून धरणारी स्प्लिट पिन दर वेळी नवी. जुनी पिन सरळ करून पुन्हा घातली की ती मोडते आणि नवाकोरा पंखा गाळात जातो. काढलेला जुना पंखा धड असेल तर विकू नका, पाना आणि दोन पिनांसकट होडीतच ठेवा.