गुडघे, गाढवं आणि ग्रीस

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशनला ती तयार नाही, "चालतंय तवर चालवायचं" एवढंच तिचं म्हणणं. त्यामुळं ग्रीस बघायचं तर रोज हॉटेल बदला, बॅगा ओढा, बस पकडा हे काही जमणार नव्हतं. मग बहिणीनं सुचवलं की सरळ क्रूझ घ्या, एकदा बॅग उघडली की सात दिवस बंद करायची नाही, झोपायचं एका बेटावर आणि उठायचं दुसऱ्या. पैसे ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी बुक केलं.

आता ग्रीसच का, तर त्याला कारण कोल्हापूर. हसू नका. आमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची एक छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडलेली. ग्रीकांचा समुद्राचा देव. दोनेक हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाराच्या मालाबरोबर सह्याद्री चढून आमच्याकडं आला आणि राहिला. कोल्हापुरात समुद्र नाही पण समुद्राचा देव आहे, हे पाचवीच्या सहलीत कळलं तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा ह्याचं गाव बघायचं.

एक कामाची गोष्ट आधीच सांगतो. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) मल्टिपल एन्ट्रीचाच मागा. बोट मध्ये तुर्कस्तानात जाते, म्हणजे तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडून परत आत येता. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचा सिंगल एन्ट्री आला होता आणि त्यांना सगळी धावपळ परत करावी लागली.

बोट निघायच्या आधी दोन दिवस अथेन्सला काढले. तिथल्या जुन्या देवळांच्या टेकडीचा, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसचा चढ बघून आईनं खालीच बैठक मारली होती, पण वर जायला लिफ्ट आहे, २०२० मध्ये बसवलेली, ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी. गेटवर विचारायचं, लाजायचं नाही. वर पोचल्यावर अथीना देवीचं देऊळ पार्थेनॉन दिसलं ते क्रेन आणि परांच्यांसकट. इ.स.पू. ४४७ मध्ये बांधायला घेतलं आणि मूर्तिकाम धरून पंधरा वर्षांत पुरं, आमच्याकडं एक उड्डाणपूल याहून जास्त वेळ खातो. एवढं टिकलं असतं ते, पण तुर्कांनी आत दारूगोळा भरून ठेवलेला आणि १६८७ मध्ये व्हेनिसवाल्यांनी त्यावर तोफ डागली. छप्पर उडालं ते उडालंच. बाजूच्या एरेख्थिऑन देवळाची गोष्ट मात्र मला लागली. शहर कुणाचं यावर अथीना आणि पोसायडनची पैज लागली, ह्यानं त्रिशूळ मारून खडकातून खारं पाणी काढलं, तिनं ऑलिव्हचं झाड दिलं, आणि लोकांना झाड आवडलं. म्हणजे आमचा देव इथं हरलेला. आई म्हणाली, "खारं पाणी दिल्यावर काय हुनार?"

अथेन्सच्या बंदरातून, पिरेअसहून संध्याकाळी बोट सुटली. बोटीबद्दल फार लिहीत नाही, तेरा मजले, चोवीस तास खाणं, आणि माणसं खाण्याच्या रांगेत अशी उभी की जणू उद्या बंद होणार आहे. कंपनीचं नाव घेत नाही पण प्रत्येक बंदरावरच्या त्यांच्या सहली इतक्या महाग की दोन ठिकाणी आम्ही बाहेर उतरून टॅक्सीच केली आणि निम्म्यात झालं. शिवाय टीपचे पैसे रोज खात्यातून आपोआप कापले जातात हे बुक करताना बारीक अक्षरात होतं. आईनं आणलेलं भडंग आणि लसणाची चटणी तिसऱ्या दिवसापासून उपयोगाला आली.

पहिलाच थांबा हुकला. मिकोनोस बेटावर उतरून छोट्या बोटीनं शेजारच्या डेलॉसला जायचं होतं, पण एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो, मेल्टेमी म्हणतात त्याला, तो सप्टेंबर उजाडला तरी हटला नव्हता. कॅप्टननं स्पीकरवर सांगितलं की नांगर टाकत नाही. डेलॉस म्हणजे अपोलो देवाचं जन्मस्थान, आणि तिथं नियम होता की बेटावर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. अथेन्सवाल्यांनी तर जुन्या कबरी उकरून मुडदे शेजारच्या बेटावर नेले. हे मी आईला वाचून दाखवलं. "मग बरं झालं न्हाई गेलो ते," म्हणाली, "माजं वय बघून हाकललंच असतं."

दुसऱ्या दिवशी तुर्कस्तानातलं कुशादासी बंदर, तिथून इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष. गाईडमंडळी वरच्या गेटला सोडतात आणि खालच्या गेटला उचलतात, म्हणजे सगळी वाट उताराची. गुडघेवाल्यांसाठी बरं वाटतं ऐकायला, पण रस्ता संगमरवरी आणि दोन हजार वर्षं पायांनी घासलेला, काचेसारखा गुळगुळीत. रबरी तळव्याचे बूट घाला. आईला मी दोन्ही हातांनी धरून उतरवत होतो आणि प्रत्येक फोटोत मी वाकलेलाच आहे.

सेल्सस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची लायब्ररी फोटोत बघून बघून डोळ्यात बसलेली असते, प्रत्यक्षात उभं राहिल्यावर मला जास्त गंमत वाटली ती ह्याची की ती मुळात एक समाधी आहे. मुलानं बापाच्या नावानं बांधली आणि बापाला खाली तळघरात पुरलं, वर हस्तलिखितांच्या बारा हजार गुंडाळ्या. आज जो दर्शनी भाग दिसतो तो पडलेलाच होता, १९७० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या पुरातत्त्ववाल्यांनी एकेक तुकडा जुळवून उभा केलाय. सार्वजनिक संडासापाशी सगळे ग्रुप थांबतात. दगडी ओटा, एका ओळीत भोकं, मध्ये पडदा नाही, खालून वाहतं पाणी. थंडीत श्रीमंत माणूस आधी गुलामाला बसवून दगड गरम करून घ्यायचा असं गाईडनं सांगितलं, खरं खोटं तो जाणे. आईनं मात्र खाली वाकून नाली बघितली, तिचा उतार कुठं जातो ते बघितलं, आणि "सोय चांगली हाय" असा शेरा मारला.

इफेससमध्ये मला सगळ्यात चटका लावून गेला तो बंदराचा रस्ता. थिएटरच्या वरच्या पायऱ्यांवरून (पंचवीस हजार माणसं मावायची म्हणतात) समोर बघितलं की एक रुंद सरळ रस्ता खांबांच्या रांगांमधून निघतो आणि थेट झुडपांत जाऊन संपतो. पुढं बंदर होतं. नदीनं गाळ आणून आणून भरून टाकलं, समुद्र मागं सरकला आणि आता काही किलोमीटर लांब आहे. गाळ उपसायचा प्रयत्न रोमन बादशहांनी पण केला, जमलं नाही. बंदर मेलं तसं गाव मेलं. आमच्या कोकणात चौल, दाभोळ बघितलेल्या माणसाला हे नवीन नाही, तरी तिथं बसून बराच वेळ त्या झुडपांकडं बघत राहिलो. आईला तोवर चार मांजरांनी घेरलं होतं.

आर्टेमिस देवीचं देऊळ, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, बसमधूनच बघितलं तरी चालेल. एक खांब उरलाय, तोही तुकडे रचून उभा केलेला, वर करकोच्याचं घरटं.

ऱ्होड्स बेटावर पण तेच. लोक कोलोसस कुठं आहे विचारतात. नाहीये. तेहेतीस मीटरचा ब्राँझचा सूर्यदेव पन्नास-साठ वर्षं उभा होता आणि इ.स.पू. २२६ च्या सुमाराच्या भूकंपात गुडघ्यातून मोडून पडला. हो, गुडघ्यातूनच, जुन्या लेखकांनी तसं लिहून ठेवलंय. हे ऐकून आईला त्याच्याबद्दल एकदम माया वाटायला लागली.

तिथून टॅक्सीनं लिंडोसला गेलो. उंच कड्यावर अथीनाचं देऊळ, खाली पांढरं गाव, आणि वर जायला गाढवं. टॅक्सीवाल्यानं, कॅफेवाल्यानं, एका जर्मन बाईनं, सगळ्यांनी आईला सांगितलं की गाढवावर बसा, सगळे म्हातारे बसतात. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "आपल्याकडं गाढवावर बसवून धिंड काढत्यात, आन् मी पैसं देऊन बसू व्हय?" विषय संपला. मी हे इंग्रजीत त्या जर्मन बाईला समजावून सांगायचा प्रयत्न केला पण धिंडीला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना. आई कॅफेत लिंबूपाणी घेऊन बसली आणि मी एकटा चढलो. चढताना डाव्या हाताला खडकातच कोरलेली एका लढाऊ जहाजाची मागची बाजू आहे, खऱ्या जहाजाएवढी वाटावी अशी, अगदी सुकाणूच्या वल्ह्यासकट. लोक वर देवळाकडं पळतात आणि ह्याच्याजवळ कुणी थांबत नाही. मी खाली येईपर्यंत आई कॅफेवालीकडून ऑलिव्ह कसं मुरवतात ते हातवारे करून शिकली होती.

क्रीट बेटावरचं हेराक्लिऑन. इथून पुढं आई माझी गाईड झाली.

शहराजवळचा क्नोसॉसचा प्राचीन राजवाडा आर्थर एव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं १९०० पासून खणला, आणि नुसता खणला नाही, काँक्रीट ओतून मजले उभे केले, खांबांना लाल रंग दिला, भिंतींवर चित्रं पुरी करून घेतली. जाणकार लोक त्याला अजून शिव्या घालतात. माझं मत विचाराल तर अर्धं खरं अर्धं बनावट असं सिनेमाच्या सेटसारखं वाटतं, पण ते नसतं तर माझ्यासारख्याला नुसते दगड दिसले असते. सिंहासनाच्या खोलीसाठी पाऊण तास रांग होती. आत डोकावायला दहा सेकंद. आई रांगेत उभीच राहिली नाही, ती पश्चिमेच्या कोठारांकडं गेली होती.

तिथं रांजण आहेत. माणसाच्या उंचीचे, काही त्याहून मोठे, अंगभर कान आणि दोरखंडाची नक्षी. तेल, धान्य, वाईन साठवायचे. आईचं माहेर सांगलीजवळचं हरिपूर, हळदीच्या पेवांचं गाव. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड माणूस उतरेल एवढं, आत पोत्यांच्या हिशोबानं हळद. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. तिचे वडील पेवावर कामाला होते. ती त्या रांजणासमोर उभी राहून मला सांगायला लागली की नक्षी नव्हे ती, आधी खरा दोर गुंडाळून उचलत असतील, मग घडवणाऱ्यानं मातीतच काढला. आणि आतून धुवायला पोर उतरवत असणार. आणि पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आधी कंदील सोडायचा, विझला तर आत हवा वाईट आहे, त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. एकदा कुणीतरी घाई केली होती. त्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, पोरं किती, सगळं तिला आठवत होतं. मला हे पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. बाजूला एक फ्रेंच ग्रुप आला आणि आम्हाला सरकावं लागलं.

म्युझियममध्ये मातीच्या पाट्या आहेत, लिनिअर बी नावाच्या प्राचीन ग्रीक लिपीतल्या. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस नावाच्या आर्किटेक्टनं ती लिपी लावली आणि निघालं काय, तर मेंढ्या इतक्या, लोकर इतकी, तेल इतकं. ह्या पाट्या भाजून ठेवलेल्या नव्हत्या, राजवाडा जळाला त्या आगीत भाजल्या म्हणून टिकल्या. "म्हंजे किर्दवही," आई म्हणाली.

सँटोरिनीला मात्र मी हट्टानं सूर्यास्ताचं ठिकाण सोडलं आणि सकाळीच अक्रोटिरी गाठलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीनं पुरलेलं गाव, वर मोठं छप्पर, आत सपाट फळ्यांच्या वाटा, गुडघ्यांना काहीच त्रास नाही. दुमजली तिमजली घरं, दारं, खिडक्या, गल्लीखालून गटार. पण सांगाडे नाहीत. सोनंनाणं जवळपास नाहीच. म्हणजे आधी धरणीकंप झाले, लोकांनी ओळखलं, किडुकमिडुक गोळा केलं आणि गेले. आईनं विचारलं, "कुलूप घालून गेलं असतील का रं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या गावातलं एक भिंतीचित्र फिरा या सँटोरिनीच्या मुख्य गावातल्या म्युझियममध्ये लावलंय. निळ्या रंगाची माकडं खडकांवर चढताहेत. आई काचेला नाक लावून बघत होती. "माकड न्हाई हे, वानर हाय. शेपूट बघ कसं वर धरलंय." मी म्हटलं असेल. रात्री बोटीच्या महागड्या वायफायवर शोधलं तर २०१९ मध्ये वानरांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी नेमकं तेच मांडलंय, शेपटीच्या ठेवणीवरून आणि अंगलटीवरून, की ही भारतीय उपखंडातली हनुमान लंगूर आहेत. ग्रीसमध्ये वानरं नाहीतच. चित्रकारानं कुठंतरी बघितलं असणार, मेसोपोटेमियाच्या (म्हणजे आजच्या इराकच्या) वाटेनं सिंधूकडशी संबंध आला असावा असं त्यांचं म्हणणं. आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. दाजीपूरच्या जंगलात बघितलेलं जनावर तिला ओळखू येणारच की.

खाली बंदराकडं यायला केबल कारची रांग सव्वा तास. पायऱ्या पाचशेच्या वर, आणि पर्याय परत गाढवं. आईनं रांगेत खाली बसून घेतलं.

घरी येऊन आठवडा झाल्यावर पोसायडनला भेटून येऊ म्हणून टाऊन हॉलला गेलो तर सोमवार निघाला, म्युझियम बंद. मग तिथल्याच बागेत बाकावर बसून भडंग खाल्लं, आणि आईनं हरिपूरच्या त्या माणसाची गोष्ट परत पहिल्यापासून सांगितली, ह्या वेळी तिसऱ्या पोराचं नाव पण आठवलं तिला.